अरबी समुद्रातले प्रवाह आणि प्लवकांची वस्ती : अभ्यासाची पार्श्वभूमी

१८८९ साली जर्मनीतल्या कील बंदरातून ‘नॅशनल’ हे जहाज अटलांटिकच्या सफरीला निघाले. ‘प्लँक्टन’ म्हणजे प्लवक, पाण्याबरोबर वाहत जाणारे बहुधा सूक्ष्म जीव. हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सन यांनी दोनच वर्षांपूर्वी रूढ केला होता आणि या मोहिमेचे नेतृत्वही त्यांच्याकडेच होते. पिठाच्या गिरणीत मैदा चाळायला लागते तसल्या बारीक रेशमी कापडाची जाळी खोल सोडायची, उभी वर ओढायची आणि आत आलेले जीव मोजायचे, अशी त्यांची पद्धत. खुल्या समुद्रात प्लवक बऱ्यापैकी सारखे पसरलेले असणार, म्हणून मोजके नमुने पुरतील, हे त्यामागचे गृहीतक. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी पुढच्याच वर्षी त्यावर कडाडून टीका केली. प्लवक ठिकठिकाणी पुंजक्यांनी असतात आणि त्याला सागरी प्रवाह मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहेत, असे त्यांचे म्हणणे. पुंजक्यांबाबत हेकेल बरोबर ठरले. पण मोजल्याशिवाय हा वाद सुटणार नाही, हा हेन्सन यांचा आग्रहही तितकाच बरोबर होता. आजचे सगळे काम त्या आग्रहावरच उभे आहे.

१९३० च्या दशकात इंग्लंडमधल्या प्लिमथ येथे एफ. एस. रसेल यांनी बाणकृमींच्या (बाणासारख्या आकाराच्या पारदर्शक प्लवकांच्या) दोन जातींवरून पाणी ओळखून दाखवले. जाळ्यात सजिटा एलेगन्स मिळाली तर पश्चिमेकडच्या खुल्या समुद्राचे पाणी मिसळले आहे, सजिटा सेटोसा मिळाली तर पाणी इंग्लिश खाडीतलेच. जीव पाहून प्रवाहाचा माग काढण्याची ही रीत पुढे सगळीकडे गेली.

अरबी समुद्र या प्रश्नासाठी जणू मुद्दाम घडवलेला आहे, कारण इथले पृष्ठप्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर वर्षातून दोनदा दिशा बदलतात. १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली इथे पाहणी झाली आणि मधल्या खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ नसलेला जाड थर आढळला. खरी व्यापक मोजणी मात्र १९५९ ते १९६५ या काळातल्या आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेत झाली. वेगवेगळ्या देशांच्या जहाजांचे आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून एकच प्रमाण जाळे ठरले : तोंड १ चौरस मीटर, छिद्रे ०.३३ मिलिमीटर, ओढ २०० मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंत. म्हणजे एका ओढीत २०० घनमीटर पाणी गाळले जाणार. नमुने निवडण्या-वेगळे करण्याचे काम कोचीच्या केंद्रात झाले, आणि मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावला येथे आज तिचे मुख्यालय आहे.

हे जुने आकडे वापरताना काही गोष्टींचे भान हवे. जहाज वाहत असेल तर तार तिरपी होते. कोन ४५ अंशांचा झाला की २०० मीटर तार सोडूनही जाळे जेमतेम १४० मीटरवर असते. प्लवक दाट असतील तर छिद्रे बुजतात आणि पाणी तोंडातूनच बाहेर सांडते. त्यामुळे जिथे जीव सर्वाधिक, नेमका तिथलाच आकडा कमी येतो. तोंडाशी प्रवाहमापक नसेल तर ही चूक मागाहून दुरुस्त करता येत नाही. नमुन्याचे घनफळ मोजताना दोन-चार जेलीफिश आत असले की आकडा फुगतो. शिवाय ०.३३ मिलिमीटरच्या छिद्रातून बहुतेक वनस्पती-प्लवक सरळ निसटतात. जेमतेम ०.६ मायक्रॉनचा प्रोक्लोरोकॉकस हा प्रकाशसंश्लेषी जीवाणू तर १९८८ पर्यंत कोणाला ठाऊकच नव्हता.

पावसाळ्यात नैऋत्येचा वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते. त्याची जागा घ्यायला खालचे थंड, नायट्रेट-सिलिकेट या पोषकद्रव्यांनी युक्त पाणी वर येते. डायटम (सिलिकेटपासून काचेसारखे कवच बनवणारे एकपेशी वनस्पती-प्लवक) दिवसाला एक-दोनदा विभागतात, तरीही मोजक्या पेशींपासून पाणी हिरवे व्हायला काही दिवस जातात. दरम्यान सेकंदाला अर्धा मीटर वेगाचा प्रवाह ते पाणी रोज सुमारे ४३ किलोमीटर पुढे नेतो. खालचे पाणी वर येते एका जागी आणि बहर दिसतो शेकडो किलोमीटर पुढे, तो यामुळे. पाणी भोवऱ्यात अडकले तर बहर तिथेच राहतो. वाटेत सिलिकेट संपले की डायटम मागे पडतात आणि लहान कशाभधारी (चाबकासारख्या शेपटीने पोहणाऱ्या) पेशी पुढे येतात.

कॅलॅनॉइडिस कॅरिनाटस या कोपेपॉडने (कोळंबीच्या गोतातल्या बारीक प्लवकाने) तर आपले वर्षच या वेळापत्रकाला बांधले आहे. नैऋत्य मोसमात तो पृष्ठभागाजवळ डायटम खातो आणि अंडी घालतो. वारे थांबले की त्याची पाचव्या अवस्थेतली पिल्ले शेकडो मीटर खोल उतरतात आणि साठवलेल्या चरबीवर पुढच्या पावसाळ्यापर्यंत निपचित राहतात. वरच्या प्रवाहात राहिली असती तर कुठल्या कुठे वाहून गेली असती.

आपल्या किनाऱ्यावर चित्र वेगळे आहे. पावसाळ्यात किनारी प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि तळचे पाणी आधी केरळजवळ, मग उत्तरेकडे सरकत समुद्रबूड जमिनीवर चढते. पण कोकण-गोव्यात पाऊस आणि नद्यांचे गोडे पाणी वर पातळ थर धरून बसते. खालचे पाणी झाकले जाते, कुजणाऱ्या प्लवकांमुळे त्यातला ऑक्सिजन आणखी घटतो, आणि सप्टेंबरच्या सुमारास तळाशी काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो.

हिवाळ्यात हाच प्रवाह उत्तरेकडे वळतो आणि बंगालच्या उपसागराचे कमी खारट पाणी आणतो. त्याच वेळी उत्तर अरबी समुद्रात कोरड्या, गार वाऱ्याने पृष्ठभागाचे पाणी थंड होते, जड होऊन बुडते, आणि सुमारे १०० मीटरपर्यंतचे पाणी घुसळले जाऊन पोषकद्रव्ये वर येतात. एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही साखळी मांडली. किनाऱ्यापासून लांब हिवाळ्यात इतकी सुपीकता कशी, याचे ते उत्तर होते.

इथले हिवाळी बहर पूर्वी मुख्यतः डायटमचे असत. २००० नंतर त्यांची जागा मोठ्या प्रमाणात हिरव्या नॉक्टिल्युका या एकपेशी जीवाने घेतलेली दिसते. हा जीव पोटात हिरवे सहजीवी शैवाल पाळतो आणि डायटम गिळतोही. कमी ऑक्सिजनचे पाणी वर येण्याशी काही संशोधक याचा संबंध जोडतात, पण त्यावर एकमत झालेले नाही. आमच्या मते प्रत्येक बहराच्या वेळी त्या पाण्याखालचा ऑक्सिजन आणि सिलिकेट एकत्र मोजल्याशिवाय वाद संपणार नाही.

२००९ पासून ‘तारा’ या शिडाच्या जहाजाने जगभरचे प्लवक गाळून त्यांचा डीएनए वाचला. त्यातून हेकेल यांच्या मुद्द्याला मोजमाप मिळाले : दोन ठिकाणांमधले सरळ अंतर किती, यापेक्षा प्रवाहाबरोबर तिथे पोचायला किती काळ लागतो यावरून, साधारण दीड वर्षाच्या प्रवासापर्यंत, वस्तीतला फरक चांगला सांगता येतो. अरबी समुद्रात हा हिशेब करताना वार्षिक सरासरी वेग वापरला तर जुलै आणि जानेवारीचे उलट प्रवाह एकमेकांना खोडतात आणि पाणी जवळपास स्थिर असल्यासारखे दिसते. म्हणून नमुन्याची तारीख धरून, त्या त्या महिन्याच्या प्रवाहावरून पाण्याची वाट उलटी काढत त्याचा उगम शोधावा लागतो.