हवा भरत नाही की हवा धरत नाही?

एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर उभी राहणारी गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली की निकाल आधीच लागलेला असतो: कंप्रेसर, म्हणजे हवा भरणारा पंप, गेला. मालक तेच म्हणतो, शेजारचा तेच म्हणतो, आणि फोनवरून सल्ला देणारा मेकॅनिकही तेच म्हणतो. नाशिकमध्ये अशा गाड्या आता काही दुर्मीळ राहिलेल्या नाहीत. मुंबईहून किंवा दिल्लीहून सेकंडहँड आणलेल्या मर्सिडीज, ऑडी क्यू ७, रेंज रोव्हर गंगापूर रोडला जशा दिसतात, तशाच पिंपळगावच्या द्राक्षबागेतल्या शेडखालीही दिसतात. गाडी स्वस्तात मिळते, सस्पेन्शन स्वस्तात मिळत नाही.

खरं तर इथे दोन वेगळे बिघाड आहेत. एकात कंप्रेसर हवा भरत नाही. दुसऱ्यात सिस्टिम भरलेली हवा धरत नाही. डॅशबोर्डवर दिवा तोच लागतो, गाडी तशीच बसलेली दिसते, आणि गंमत म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडला तर बिघाडाचा कोडही बऱ्याचदा एकच येतो. लँड रोव्हर डिस्कव्हरीवर सी१ए२० नावाचा कोड प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ इतकाच, की हवेच्या साठ्याची टाकी भरताना प्रेशर फार हळू चढतंय. पंप थकला असला तरी हळू चढेल, आणि भरलेली हवा वाटेत निसटत असली तरी हळूच चढेल. कोड वाचून थेट कंप्रेसरची ऑर्डर देणारा माणूस म्हणजे ताप बघून ऑपरेशनची तारीख देणारा डॉक्टर.

फरक कळायला आतली रचना थोडी माहीत हवी. स्टीलच्या स्प्रिंगच्या जागी रबरी बेलो, म्हणजे हवेची पिशवी असते. १२ व्होल्टवर चालणारा छोटा पिस्टन कंप्रेसर फिल्टरमधून बाहेरची हवा ओढतो, ड्रायरमधून सुकवतो, आणि वॉल्व्ह ब्लॉक, म्हणजे सगळ्या चाकांचे वॉल्व्ह एकत्र असलेला ठोकळा, ती नायलॉनच्या बारीक पाइपांतून हव्या त्या चाकाला देतो. काही गाड्यांत मधे साठ्याची टाकी असते. गाडी किती उंच आहे हे हाइट सेन्सर सांगतो. शिवनेरीच्या व्होल्वो बसलाही बेलोच असतात, पण बसचा कंप्रेसर इंजिनवर फिरतो आणि ब्रेकसाठी दिवसभर हवा बनवत राहतो. कारमधला तसला नाही. तो थोडा वेळ चालायचा, मग गार व्हायचा, एवढ्याच बेताने बनवलेला आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. गाडी बंद करून लॉक केली की वॉल्व्ह ब्लॉकचे सगळे वॉल्व्ह बंद होतात. प्रत्येक बेलोतली हवा आपापल्या जागी कोंडली जाते. या अवस्थेत कंप्रेसरला काही कामच नसतं. म्हणजे कंप्रेसर पूर्ण मेलेला असला तरी निव्वळ त्यामुळे उभी गाडी रात्रीतून खाली येऊ शकत नाही. रात्री सरळ होती आणि सकाळी एक कोपरा बसला, तर हवा कुठून तरी बाहेर गेली आहे, आणि ती जागा बेलो, पाइप, जोड किंवा वॉल्व्ह ब्लॉक यांपैकीच एक आहे.

मेलेल्या कंप्रेसरची गाडी वेगळ्या पद्धतीने खाली येते. सिस्टिमला हवा सोडता येते, भरता येत नाही. मागे तीन माणसं आणि सामान होतं, ती उतरली, मागचा भाग वर आला, कॉम्प्युटरने जास्तीची हवा सोडून तो जागेवर आणला. पुन्हा माणसं बसली की हवा भरायला हवी, पण भरणार कोण? असं दोन-चार वेळा झालं की गाडी वापरता वापरता खाली येत जाते. बहुतेकदा एक कोपरा नाही, तर अख्खी मागची बाजू किंवा चारही चाकं. उंची वाढवायचं बटण दाबलं की काहीच होत नाही, नाहीतर गाडी रडतखडत अर्धीच उचलते आणि दिवा लागतो. साठ्याची टाकी असलेल्या गाडीत ही लक्षणं थोडी झाकली जातात. पहिल्या वेळी टाकीतल्या हवेवर गाडी झटक्यात उठते, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पितळ उघडं पडतं. म्हणून एकदाच वर-खाली करून ‘ठीक आहे’ म्हणू नये.

तपासायला पहिलं हत्यार म्हणजे मीटर टेप. सपाट जागेवर गाडी उभी करा. चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं माप घेऊन लिहून ठेवा. काही गाड्यांचा कॉम्प्युटर रात्री मधेच जागा होऊन सगळे कोपरे सर्वांत खालच्या कोपऱ्याशी जुळवून घेतो. मग सकाळी चारही चाकं सारखी बसलेली दिसतात आणि चोर सापडत नाही. अशा गाडीत सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवायचा आणि मगच झोपायला जायचं. सकाळी जो कोपरा खाली, संशय तिथे.

हे माप डिसेंबर-जानेवारीत घेणार असाल तर एक हिशोब डोक्यात ठेवा. नाशिकला दुपारी २८ अंश आणि पहाटे १० अंश हे थंडीत नेहमीचंच, निफाडला तर पारा आणखी खाली जातो. १८ अंशांच्या फरकाने कोंडलेली हवा साधारण ६ टक्के आकसते. गाडीचं वजन तेच, त्यामुळे बेलो तेवढा दबतो आणि गाडी जेमतेम सेंटिमीटरभर खाली दिसू शकते. चारही बाजूंनी सारखी आणि एवढीच उतरली असेल तर कुणालाही फोन करू नका. एकच कोपरा तीन-चार बोटं उतरला असेल तर ती थंडी नाही.

गळती शोधायला साबणाचं पाणी लागतं आणि धीर लागतो. बेलो खालच्या टोकाला स्वतःवरच दुमडलेला असतो. रबराला भेगा पडतात त्या याच घडीत, आणि गाडी खाली असताना ती घडी आत लपलेली असते. त्यामुळे गाडी सर्वांत वरच्या उंचीवर न्यायची, मग घडी उलगडते. आडव्या बारीक भेगा दिसतात, भेगांत घाटातली बारीक खडी आणि वाळलेला चिखल अडकलेला असतो. ब्रशने फेस लावायचा आणि हलायचं नाही. मोठी गळती फुरफुरते, ती कुणालाही सापडते. रात्रभरात गाडी बसवणारी गळती मात्र अशी असते, की आधी काहीच दिसत नाही, मग मिनिटाभराने एका जागी साबुदाण्याएवढे पांढरे बुडबुडे एकमेकांना चिकटून वर येतात. पाइप बेलोला जिथे जोडलेला असतो तिथलं पितळी फिटिंग आणि वॉल्व्ह ब्लॉकवरचे सगळे जोडही असेच बघायचे. शेडमध्ये किंवा द्राक्षं भरण्याच्या पॅकहाउसशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत नायलॉनच्या पाइपवर उंदराचे दात शोधायला विसरू नका.

साबण आणि मापं बघताना एक पथ्य सक्तीचं. फक्त हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. बेलो फुटला किंवा वॉल्व्ह उघडला तर गाडी विचारून खाली येत नाही. खाली स्टँड लावा. लिफ्टवर घेण्याआधी सस्पेन्शन जॅक मोडला टाका, म्हणजे उंची आपोआप बदलणं बंद करा, नाहीतर चाकं लोंबकळली की कॉम्प्युटरला गाडी फार उंच झाल्यासारखी वाटते आणि तो हवा सोडून देतो.

कोपरा रोज वेगळा बसत असेल, किंवा दोन चाकं जोडीने बसत असतील आणि बेलोवर एकही बुडबुडा नसेल, तर वॉल्व्ह ब्लॉककडे वळायचं. आतले वॉल्व्ह नीट बसत नसतील तर हवा बाहेर न जाता एका बेलोतून दुसऱ्यात जाते. बाहेरून साबण लावून हे कधीच दिसत नाही. याचं मूळ बहुतेकदा ड्रायरमध्ये असतं. ड्रायरमधले दाणे पावसाळ्यातली ओल शोषतात, आणि हवा सोडताना तीच कोरडी हवा उलटी जाऊन त्यांना पुन्हा सुकवते. गळती असलेल्या गाडीत हवा सोडण्यापेक्षा भरणंच जास्त होतं. दाणे सुकायला संधीच मिळत नाही. मग पाणी आणि दाण्यांची पांढरी पूड पुढे वॉल्व्हमध्ये जाऊन बसते. इगतपुरीच्या पावसातून रोज ये-जा करणाऱ्या गाडीत ड्रायर उघडला की हे डोळ्यांनी दिसतं.

आता कंप्रेसर. काही गाड्यांत तो पुढच्या बंपरमागे असतो, काहींत पोटाखाली, बीएमडब्ल्यू एक्स ५च्या एका पिढीत तर मागे स्पेअर व्हीलपाशी. पहिला प्रश्न, तो चालू होतो का? होत नसेल तर फ्यूज, मग कंप्रेसरचा करंट चालू-बंद करणारा रिले, मग कंप्रेसरच्या प्लगवर व्होल्टेज. कमजोर बॅटरी हे फसवं कारण आहे, कारण बॅटरी खाली असली की कॉम्प्युटर कंप्रेसरला मुद्दाम चालवतच नाही. प्लगवर पूर्ण व्होल्टेज येतंय आणि मोटर गप्प, तर मोटर गेली. व्होल्टेजच येत नसेल तर कंप्रेसरचा दोष नाही.

चालतो पण भरत नाही, तर तारेभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावा. जास्त अँपिअर घेऊन कण्हत फिरत असेल तर आत काहीतरी जाम होत आलंय. कमी अँपिअर, आवाज हलका, भराभरा फिरतोय आणि प्रेशर नाही, तर त्याच्यावर भारच येत नाहीये. पिस्टनची रिंग झिजली असेल किंवा त्याच्याच अंगावरचा एग्झॉस्ट, म्हणजे हवा बाहेर सोडणारा वॉल्व्ह नीट बंद होत नसेल. हा वॉल्व्ह तपासायला काही लागत नाही. कंप्रेसर चालू असताना हवा सोडायच्या तोंडाशी बोट धरा. भरतानाच तिथून हवा लागली, तर केलेली कमाई तिथेच उधळली जातेय. नुसता कंप्रेसर प्रेशर गेजला जोडला तर तब्येत चांगली असलेला बघता बघता १० बारच्या वर जातो. चार-पाचवर दम टाकणारा कामाचा नाही.

तिसरी एक अवस्था लोकांना इलेक्ट्रिकल फॉल्ट वाटते. कसारा घाट चढून आलं की दिवा लागतो, अर्धा तास गाडी बंद ठेवली की जातो. कंप्रेसर जास्त तापला की कॉम्प्युटर त्याला बंद करतो आणि गार झाल्यावर पुन्हा परवानगी देतो. तो तापतोय कशामुळे, हे मात्र दिवा सांगत नाही. निम्म्याहून जास्त वेळा मागे छोटी गळतीच निघते, असा माझा अनुभव.

म्हणून एखादा ग्राहक जुना जळका कंप्रेसर हातात धरून ‘दादा, दुसरा टाकून द्या, हा दीड वर्षांत गेला’ म्हणतो, तेव्हा मी आधी गाडी रात्रभर ठेवून घेतो. ‘अहो, कंप्रेसर समोर मेलेला दिसतोय, रात्रभर काय बघणार?’ हा पुढचा प्रश्न असतोच. बघायचं ते हेच, की त्याला मारलं कुणी. गळका बेलो तसाच ठेवून नवा कंप्रेसर बसवला तर तो दिवसातून दहा वेळा तीच हवा भरत बसतो, आणि पहिल्याच्या वाटेने जातो. दोन्ही बिघाड एकाच गाडीत सापडणं हे त्यामुळे अपवाद नाही. आधी गळती, मग कंप्रेसर, हा क्रम उलटा करू नका.

कंप्रेसर बदलताना रिले सोबत बदलायचाच. रिले चिकटून राहिला तर नवा कंप्रेसर थांबतच नाही आणि जळतो, आणि बाकी बिलापुढे रिलेची किंमत किरकोळ असते. मोटर ठणठणीत आणि फक्त रिंग झिजलेली असेल तर रिंग-सिलिंडरचं किट टाकून काम होतं, सोबत ड्रायरचे दाणे आणि इनटेक फिल्टर नवा. मोटरचे ब्रश संपलेले असतील किंवा आत पाणी गेलं असेल तर किटवर पैसे घालवू नयेत. पाइप पुन्हा जोडताना टोक धारदार ब्लेडने काटकोनात कापायचं आणि फिटिंग नवं घ्यायचं. जुनंच आवळून बसवलेलं फिटिंग पुढच्या गळतीची सोय करून ठेवतं.

एका गोष्टीत हवेचा काहीच संबंध नसतो, तरी ती या दोघांच्या नावावर खपते. हाइट सेन्सरची बारीक दांडी तुटली की एक कोपरा खाली किंवा चक्क वर राहतो. रात्रभर माप हलत नाही आणि कंप्रेसरही धडधाकट असतो. चाकामागे टॉर्च मारला तर लोंबणारी दांडी दिसते. सिंहस्थाच्या कामांसाठी उकरलेल्या रस्त्यांवर हे व्हायला एक चांगला खड्डा पुरतो.

एअर सस्पेन्शन काढून साध्या कॉइल स्प्रिंग टाकायचा सल्लाही गावात फिरतो. गाडी फार जुनी, चारही बेलो संपलेले आणि विकायची घाई असेल तर ठीक. पण एकच बेलो गळतोय म्हणून अख्खी सिस्टिम उपटणं मला पटत नाही. गाडीची चाल बदलते, आणि कॉम्प्युटरला गप्प करायला आणखी एक जुगाड करावा लागतो.

सेकंडहँड घ्यायला जात असाल तर विकणाऱ्याला सांगून ठेवा, की सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. टेप खिशात ठेवा. आधी चारही कोपरे मोजा, मग स्टार्ट मारून किती वेळात उठते ते बघा, आणि लगेच तीनदा वर-खाली करायला लावा. गाडी आधीच सुरू करून गरम ठेवलेली आढळली, तर बोलणी दुसऱ्या दिवशीवर ढकला.