पैठणची गंगा: वाळवंट, उद्यान आणि पासष्ट टक्के

पैठणच्या गंगेत, म्हणजे गोदावरीत, पाणी किती असावं, हा प्रश्न दर फाल्गुनात नव्याने निघतो. संत एकनाथांच्या नाथषष्ठीसाठी गावोगावच्या दिंड्या वाटेला लागतात आणि इकडे जायकवाडी धरणातून पाणी कधी सुटणार, किती सुटणार, याची विचारपूस सुरू होते. धरण गावाच्या उशाला आहे. तरी घाटाखालच्या पात्रात वारकऱ्याला बुडी मारण्यापुरतं पाणी यावं म्हणून मागणी करावी लागते. हे का, ते कळायला सातवाहनांपर्यंत मागे जायची गरज नाही. गेली साठ वर्षं पुरतात.

धरणाआधी उन्हाळ्यातलं पैठण अर्धंअधिक वाळवंटात असायचं. पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहायची आणि दिवाळीनंतर पाणी उतरू लागलं की वाळू उघडी पडायची. कहार-भोयांची कुटुंबं पात्रात टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावायची. वाळूत हातभर खोल चर, त्यात शेणखत, त्यावर बी. वेल तापल्या वाळूवर पसरायचा आणि मूळ खालच्या ओलीवर जगायचं. पोरं पाठीला वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकायची, जरा धीट झाली की भोपळा सोडून पलीकडची थडी गाठायची. संध्याकाळी कुस्त्या, हुतूतू, म्हाताऱ्यांच्या गप्पा, बायकांचं धुणं आणि त्याबरोबरची सुखदुःखं, सगळं वाळूतच. दशक्रियेला आलेले परगावचे लोकही तिथेच आणि चतुर्मासातलं स्नानही तिथेच. गावाला वेगळं मैदान किंवा बगिचा लागत नव्हता. षष्ठीला याच वाळूवर राहुट्या पडत, फड लागत, रात्रभर कीर्तन चाले. सप्तमीचा छबिना, म्हणजे पालखीची मिरवणूक, आणि अष्टमीला सूर्यास्ताची काल्याची हंडी झाली की वाळवंट पुन्हा गावचं. तापल्या वाळूतलं लेकरू नाथांनी कडेवर घेतलं ती गोष्ट मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. ती वाळू हीच.

गोदावरीवर मोठं धरण बांधायचा विचार हैदराबाद संस्थानाच्या काळातला. जागा ठरली होती बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीजवळ. मराठवाडा महाराष्ट्रात आल्यावर नवा हिशोब मांडला गेला: धरण जितकं उंचावर, तितकी कालव्याखाली जमीन जास्त. त्यामुळे जागा सुमारे १०० किलोमीटर वर, थेट पैठणला सरकली. नाव मात्र जायकवाडीच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी लोकार्पण. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, २७ दरवाजे आणि १०२ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वर साठा, त्यातला उपयुक्त, म्हणजे वापरता येणारा, साठा सुमारे ७६ टीएमसी. साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास मुलूख पाण्याखाली गेला. ज्यांची काळी जमीन गेली त्यांच्या पुनर्वसनाचं दुखणं अजून पुरतं मिटलेलं नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

शेतीच्या दृष्टीने हा निर्णय बरोबर होता, हे मान्य करायला हवं. डावा कालवा परभणीपर्यंत गेला, गंगथडीच्या पलीकडचं कोरडवाहू रान ओलं झालं. पण भिंत पैठणच्या माथ्यावर उभी राहिली आणि गाव भिंतीच्या खाली राहिलं. जे पाणी पूर्वी घाटाला लागून जायचं ते दोन कालव्यांनी बाजूने निघून जाऊ लागलं. पात्राला उरलं ते गळतीचं आणि दरवाजे उघडले तरच मिळणारं.

बदल्यात गावाला उद्यान मिळालं. म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर, ३०० एकरांहून मोठं, कारंजी आणि संगीतावर नाचणारे दिवे असलेलं. मराठवाड्यातल्या एका अख्ख्या पिढीची शाळेची सहल म्हणजे वेरूळ, देवगिरी आणि शेवटी पैठणचं उद्यान. अंधार पडायची वाट पाहत रांगेने बसलेली पोरं, डब्यातल्या दशम्या आणि मग रंगीत पाणी. त्या काळी आमच्या भागात संध्याकाळी घरच्यांना घेऊन जावं असं दुसरं ठिकाण नव्हतं, म्हणून त्याचं मोल फार. पुढे देखभाल ढासळली, कारंजी बंद पडली, गवत माजलं. निधी जाहीर होत राहिला, नूतनीकरणाच्या घोषणा होत राहिल्या. पण उद्यानाला तिकीट होतं आणि बंद व्हायची वेळ होती. वाळवंटाला दोन्ही नव्हतं. एकाच्या बदल्यात दुसरं दिलं असं जे सांगितलं जातं, ते म्हणूनच पटत नाही.

आता पासष्ट टक्क्यांकडे. जायकवाडीचं पाणी नाशिक-नगरच्या डोंगरातून येतं आणि जायकवाडीनंतर वरच्या खोऱ्यातही धरणांची बांधकामं वाढत गेली. राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात खोऱ्यातल्या पाण्याचं समन्यायी वाटप करण्याचं कलम आलं. २०१२-१३ च्या दुष्काळात ते कलम न्यायालयात पोचलं आणि प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने आकडा ठरला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. तरी प्रत्येक टंचाईच्या वर्षी भांडण पुन्हा पेटतं. २०२३ च्या नोव्हेंबरात ८.६ टीएमसी सोडायचं ठरलं, तेव्हाही वर आंदोलनं आणि खाली आंदोलनं. वरच्यांचं म्हणणं असं की कोरड्या पात्रातून येताना पाणी वाळूत जिरतं आणि आमचा ऊस, द्राक्षबागा जळतात. खालच्यांचं म्हणणं असं की ठरल्यापेक्षा जास्त पाणी वर अडवलं गेलं, नाहीतर ही वेळच आली नसती. आता तर ६५ चा आकडा ५८ वर आणावा अशी शिफारस झाली आहे आणि मराठवाड्यात तिला विरोध आहे. तो असायलाच हवा. पिण्याच्या पाण्यासाठी मृत साठ्यात, म्हणजे एरवी न वापरायच्या तळाच्या पाण्यात, हात घालण्याची वेळ या धरणावर एकापेक्षा जास्त वेळा आलेली आहे.

पण या सगळ्या भांडणात पैठणच्या गंगेचा हिशोब कुठे आहे? पासष्ट टक्के मिळाले तरी ते भिंतीच्या वर साठतात. शेती, पिणं, उद्योग, बाष्पीभवन, असे रकाने मांडले जातात. नदीला नदी म्हणून किती, माणसाला काठावर बसायला, पोहायला, स्नानाला किती, हा रकाना कुणी ठळकपणे मांडत नाही. षष्ठीला पाणी सुटतं. खालच्या आपेगाव-हिरडपुरीच्या बंधाऱ्यांसाठी सुटतं, तेव्हाही पात्र चार दिवस वाहतं. नंतर पुन्हा डबकी. २००८ नंतर धरण भरून दरवाजे उघडायला २०१७ उजाडलं. त्या नऊ वर्षांत वाढलेल्या मुलांनी आपल्या घाटाला वाहती नदी लागलेली नीट पाहिलीच नाही.

वाळूही गेली. भिंत पाण्याबरोबर येणारी वाळू अडवते, म्हणजे खाली नवी येत नाही, आणि असलेली उपशात गेली. आता खडक, चिखल, पाणकणीस आणि वेडी बाभूळ. ज्या पात्रात भोपळा बांधून पोरं उतरायची तिथे उपशाने पडलेले डोह आहेत आणि आया मुलांना तिकडे फिरकू देत नाहीत. शहाण्या आहेत.

पाणी येतं तेव्हा मात्र अंदाज देत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये अडीच लाख क्युसेकच्या (सेकंदाला तितके घनफूट) घरात विसर्ग झाला आणि जुनं पैठण पाण्यात गेलं, उद्यानाचंही नुकसान झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा सखल भागातली घरं रिकामी करावी लागली.

भिंतीच्या वर वेगळं जग आहे. धरणाच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात; १९८६ पासून तिथे पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि शहरातून दुर्बिणी घेऊन माणसं येतात. वाड्या गेल्यावर कहार-भोई तिकडे मासेमारीवर सरकले. जलाशयावर तरंगत्या सौर पॅनेलचा प्रकल्प आला तेव्हा त्यांच्यातून आक्षेप घेतला गेला, तो न्यायालयात टिकला नाही. दोन पिढ्यांत दुसऱ्यांदा त्यांचं पाणी दुसऱ्या कामाला लागतं आहे आणि दोन्ही वेळा ते काम सार्वजनिक हिताचंच होतं.

घाट बांधणं, सुशोभीकरण, उद्यानाची दुरुस्ती यावर पैसा येत राहील. गावातल्या जाणत्या माणसांची मागणी साधी आहे: दिवाळीपासून षष्ठीपर्यंत पात्रात थोडं पण सलग पाणी असावं आणि त्याची नोंद धरणाच्या वार्षिक नियोजनात यात्रेपुरती नव्हे, हक्क म्हणून व्हावी.