रॅड, ग्रे, रॉन्टजेन, सिव्हर्ट: रेडिएशन डोसची एककं कशी बदलायची
रेडिएशन एखाद्या वस्तूतून किंवा शरीरातून जाताना दर किलोमागे जेवढी ऊर्जा आत मुरते तिला शोषित डोस म्हणतात. सध्याचं अधिकृत एकक ग्रे, म्हणजे एका किलोत एक जूल ऊर्जा मुरली की १ ग्रे. जुनं एकक रॅड. तेही याच गोष्टीचं माप, फक्त अर्ग (ऊर्जेचं जुनं, फार छोटं एकक) आणि ग्रॅमच्या हिशेबातलं, एका ग्रॅममध्ये १०० अर्ग म्हणजे १ रॅड. एका जूलमध्ये १ कोटी अर्ग आणि किलोत १००० ग्रॅम, भागाकार केला की १ ग्रे = १०० रॅड निघतं. रॅड १९५३ मध्ये ठरला आणि ग्रे १९७५ मध्ये, लुई हॅरॉल्ड ग्रे या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाच्या नावावरून.

म्हणजे रॅडचं ग्रे करायचं तर १०० ने भागा, ग्रेचं रॅड करायचं तर १०० ने गुणा, संपलं. रेडिओथेरपीवाल्यांनी तर एवढंही डोकं लावायला नको म्हणून सेंटीग्रे वापरायला घेतला, कारण १ सेंटीग्रे = १ रॅड, त्यामुळे जुन्या कागदांवरचे आकडे तसेच्या तसे चालतात. रोज २ ग्रे अशी २५ सिटिंग असली की ५० ग्रे, म्हणजेच ५००० सेंटीग्रे, म्हणजेच ५००० रॅड.

खरा घोळ रॉन्टजेनपाशी होतो. रॉन्टजेन हे डोसचं एकक नाहीच, एक्स-रे किंवा गॅमा किरणांनी हवेत किती विद्युतभार तयार केला ते तो सांगतो, आत किती ऊर्जा मुरली ते नाही. म्हणून रॉन्टजेनवरून ग्रे काढताना किरण कशात शिरले हे आधी विचारावं लागतं, हवेत १ रॉन्टजेन म्हणजे साधारण ८.७६ मिलिग्रे आणि मऊ ऊतींमध्ये साधारण ९.६. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातात सुरुवातीला सांगितला गेलेला तो प्रसिद्ध ३.६ रॉन्टजेन प्रतितास हा आकडा घ्या. हाताशी असलेली मीटर सेकंदाला ०.००१ रॉन्टजेनच्या पुढे मोजतच नव्हती आणि त्याला ३६०० ने गुणलं की ३.६ येतात. ग्रेमध्ये हे हवेसाठी तासाला ३१.५ मिलिग्रेच्या आसपास झालं. पण गणित कितीही बरोबर केलं तरी मुळातला आकडाच मीटरच्या मर्यादेचा होता, खरी पातळी त्याच्या कितीतरी पट वर होती.

ग्रेवरून सिव्हर्ट काढणं हे तर कन्व्हर्जन म्हणूच नये. सिव्हर्ट शरीराला होऊ शकणाऱ्या अपायाचं माप, म्हणून त्यात किरणांचा प्रकारही धरतात, एक्स-रे, गॅमा आणि बीटाला गुणक १, अल्फाला २०, न्यूट्रॉनला त्यांच्या ऊर्जेनुसार. म्हणजे १ मिलिग्रे गॅमा म्हणजे १ मिलिसिव्हर्ट, पण तेवढाच अल्फा असला तर २० मिलिसिव्हर्ट. शिवाय इफेक्टिव्ह डोस, म्हणजे सगळ्या शरीराच्या हिशेबातला डोस, हवा असेल तर कुठल्या अवयवाला लागलं त्याचे गुणक वेगळेच. त्यामुळे किरणांचा प्रकार न विचारता ग्रेचे सिव्हर्ट करून देणारा ऑनलाइन कन्व्हर्टर माझ्या मते सरळ बंद करावा. (रेम, म्हणजे सिव्हर्टचं जुनं भावंड, आणि सिव्हर्टमध्ये मात्र पुन्हा तोच सोपा १०० चा हिशेब, १ सिव्हर्ट = १०० रेम.)

आकड्यांचा अंदाज असला की चूक लगेच खटकते. सगळ्या शरीराला एकदम ४ ग्रेच्या आसपास डोस बसला आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसं दगावू शकतात, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) एवढ्या ऊर्जेने अंग जेमतेम एक हजारांश अंश सेल्सिअसने तापेल, कारण मारक ठरते ती उष्णता नाही, पेशींच्या डीएनएची मोडतोड. उलट लासलगावच्या कृषक या अन्नावर किरणांचा मारा करणाऱ्या केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून ६० ते ९० ग्रे पुरतात, अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे लागतात आणि सिरिंजसारखं वैद्यकीय सामान निर्जंतुक करायला नेहमीचा डोस २५ किलोग्रे, जुन्या भाषेत २५ लाख रॅड. त्यामुळे माणसाच्या रिपोर्टवर किलोग्रे दिसला तर आधी छपाईच तपासा.

आणि चुका मुख्यतः तिथेच होतात, मिलि आणि मायक्रोमध्ये, तिथे एकदम हजारपटीचा फरक. कॅथलॅबमधल्या (जिथे अँजिओग्राफी करतात) एक्स-रे मशीनवर डोस-एरिया प्रॉडक्ट, म्हणजे डोस गुणिले किरण पडलेलं क्षेत्रफळ, असतो तो त्याहून तापदायक, कारण एक कंपनी ग्रे-चौरस सेंटीमीटर दाखवते तर दुसरी मायक्रोग्रे-चौरस मीटर, आणि १ ग्रे-चौरस सेंटीमीटर म्हणजे १०० मायक्रोग्रे-चौरस मीटर. इथेही १०० च आला, पण रॅडच्या १०० शी त्याचा काही संबंध नाही. अमेरिकेत रॅड आणि रेम अजून सर्रास चालतात, म्हणून तिकडचा पेपर वाचताना आकड्याआधी एकक बघायचं.