दुभाष्यांच्या कामाच्या क्षेत्रीय अभ्यासात संशोधकाच्या भावना

दुभाष्यांचे काम प्रत्यक्ष जागेवर राहून पाहताना संशोधकाला स्वतःला जी चीड, कणव, अवघडलेपण किंवा हायसे वाटते, ते टिपून विश्लेषणासाठी वापरण्याची पद्धत. मानवशास्त्रातील सहभागी निरीक्षणाच्या, म्हणजे लोकांत राहून, त्यांच्या व्यवहारात भाग घेत त्यांना समजून घेण्याच्या परंपरेतून ती आली.

पूर्वी अशा नोंदी खासगी रोजनिशीत जात आणि ग्रंथात कोरडे वर्णन येई. मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की यांची क्षेत्रकार्यातील रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी, १९६७ साली छापली गेली. तिच्यातला वैताग आणि एकटेपणा वाचून अभ्यासकांमध्ये मोठी खळबळ उडाली. त्याच वर्षी मानवशास्त्रज्ञ व मनोविश्लेषक जॉर्ज डेव्हेरो यांनी निरीक्षकाच्या मनातील अस्वस्थता ही वर्तनविज्ञानांची मोलाची सामग्री असल्याचे मांडले.

दुभाष्याच्या कामाशी थेट जोडलेले सर्वांत बोलके उदाहरण मानवशास्त्रज्ञ जीन ब्रिग्ज यांचे आहे. १९६०च्या दशकात त्या कॅनडाच्या उत्तरेकडील उत्कु इन्युइट या आदिवासी लोकांत राहत होत्या. मासेमारीसाठी आलेल्या गोऱ्या पाहुण्यांनी तिथली एक होडी मोडली आणि दुसरीही मागितली. मध्ये दुभाषी म्हणून उभ्या असलेल्या ब्रिग्ज संतापल्या आणि त्यांनी पाहुण्यांना सुनावले. होडीच्या मालकाने मात्र ‘नेऊ दे’ असेच म्हटले. रागावर ताबा असणे हेच प्रौढपणाचे लक्षण मानणाऱ्या त्या लोकांनी ब्रिग्ज यांना सुमारे तीन महिने दूर ठेवले. स्वतःच्या रागाचा हा प्रसंग त्यांनी १९७०च्या ग्रंथात उघडपणे मांडला. त्या समाजातील भावनांचे नियम त्यातूनच ठळकपणे कळतात.

दुभाष्यांच्या अभ्यासात ही पद्धत विशेष उपयोगी पडते, याचे कारण या व्यवसायाच्या शिस्तीत आहे. आचारसंहिता दुभाष्याकडून तटस्थता मागतात, तर काम त्याला दुसऱ्याचे दुःख ‘मी’ म्हणून बोलायला लावते. वर्णभेदी राजवटीतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व सलोखा आयोगापुढे १९९६पासून साक्षी झाल्या, तेव्हा छळाच्या कहाण्या दुभाष्यांना प्रथमपुरुषी सांगाव्या लागल्या. दुभाषी केवळ शब्द पोचवत नाही, संवादाची वाटचालही सांभाळतो, हे दुभाष्यांच्या कामाच्या अभ्यासक सेसिलिया वाडेन्श्यो यांनी १९९८ साली ध्वनिमुद्रित संभाषणांच्या आधारे दाखवले. पण ही सांभाळणी करताना मनाला काय मोजावे लागते, ते ध्वनिमुद्रणात क्वचितच उतरते.

समजा, डॉक्टर ‘आता उपचारांचा उपयोग नाही’ असे सांगतात. दुभाषी क्षणभर थांबून ‘आजार फार पुढे गेला आहे’ एवढेच म्हणतो आणि बाजूला बसलेल्या संशोधकाला हायसे वाटते. वहीत तीन गोष्टी वेगवेगळ्या उतरतात: नेमके शब्द, त्या क्षणी शरीराला जाणवलेले, आणि नंतर सुचलेला अर्थ. मग ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकून, दुभाष्याशी बोलून पडताळा घेतला जातो. सौम्य शब्द त्याने जाणून निवडला होता, की योग्य शब्द सापडला नव्हता? शिवाय ते हायसे वाटणे खुद्द संशोधकाविषयीही काही सांगते: त्यालाही ते कठोर वाक्य ऐकायचे नव्हते. अनेक संशोधक स्वतः दुभाषी असतात. त्यांची ‘हे असे नाही सांगायचे’ ही चरफड म्हणजे बहुधा व्यवसायातला अलिखित नियम मोडल्याची खूण असते, आणि अभ्यासाला असे नियम हवेच असतात.

धोकाही इथेच आहे. आपल्याला रडू आले म्हणून दुभाष्यालाही आले असेल, असे मानण्याला काही आधार नसतो. संशोधकाची भावना प्रश्न कुठे विचारायचा ते दाखवते; उत्तर म्हणून ती चालत नाही. लेखात संशोधकाचेच मन जागा व्यापू लागले, तर ज्याच्यासाठी अभ्यास मांडला तो दुभाषी कोपऱ्यात जातो.

गोपनीयतेचा प्रश्न अधिक अवघड आहे. एखाद्या भाषेचे दुभाषी मोजकेच असतील, तर नाव गाळूनही माणूस ओळखू येतो. अशा वेळी त्याच्याविषयी वाटलेला राग छापण्याआधी तो मजकूर त्याला दाखवणे हे संशोधकाचे कर्तव्यच ठरते, मग त्यापायी एखादी चांगली नोंद गाळावी लागली तरी.