जुन्या बुलेटचे फाउंडेशन बोल्ट ओरिजिनल आहेत का, कसं ओळखायचं

जुनी बुलेट कोणी घेतली की बघायला येणारे सगळे टाकीवरची रेघ, हेडलाइटचं केसिंग, स्पीडोमीटर असलंच काहीतरी बघतात आणि इंजिन फ्रेमला ज्या प्लेटा आणि बोल्टांनी धरलंय (त्यांनाच फाउंडेशन प्लेट, फाउंडेशन बोल्ट म्हणतात) तिकडे कोणी वाकूनसुद्धा बघत नाही. खरं तर गाडी किती जणांच्या हातून गेलीय ते तिथेच सगळ्यात जास्त कळतं. आणि माझं तर स्पष्ट मत आहे की पार्टवर ठोकलेल्या नंबरावर अजिबात विश्वास ठेवू नका, चोरबाजारात काय आणि कुर्ल्याच्या भंगारात काय, नंबराचे पंच कोणाकडेही मिळतात. पार्ट कसा बनवलाय आणि कसा वापरला गेलाय याच्या खुणा मात्र अशा ठोकून आणता येत नाहीत.

आधी हे पार्ट काम काय करतात ते बघू. जुन्या बुलेटच्या फ्रेमला इंजिनाखालून जाणारा पाइपच नाही. पुढचा पाइप इंजिनाच्या पुढ्यात येऊन संपतो, मग प्लेटा, मग इंजिन-गिअरबॉक्स, परत प्लेटा आणि मग मागची फ्रेम, म्हणजे इंजिन हाच फ्रेमचा एक तुकडा झाला. त्यात ३५० सीसीच्या बुलेटला एकच सिलिंडर, ७० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), ३००० आरपीएमला तो पिस्टन सेकंदाला ५० वेळा खाली जाऊन वर येतो आणि त्याचा सगळा हादरा या प्लेटांमधूनच फ्रेममध्ये जातो.

आता बऱ्याच जणांना वाटतं की बोल्ट खुंटीसारखा आडवा राहून इंजिन तोलून धरतो. तसं नाहीये. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या रबरबँडसारखा प्लेटांना एकमेकींवर दाबून धरतो, आणि त्या दाबामुळे जे घर्षण तयार होतं ते इंजिनाला हलू देत नाही. गंमत म्हणजे पाना फिरवताना आपण लावतो त्या जोरातला ढोबळमानाने १० टक्केच भाग बोल्ट ताणायला जातो, बाकीचा आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणातच संपतो. हा ताण कमी पडला की प्लेटा आडव्या सरकायला लागतात आणि मग बोल्ट आपोआप सैल होत जातो, गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं होतं की बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यापेक्षा आडव्या हादऱ्याने बोल्ट जास्त लवकर सुटतो.

म्हणून प्लेट काढली की लगेच रॉकेलने धुऊ नका, आधी आतल्या बाजूने नीट बघा. बोल्टाच्या भोकाभोवती कोकोसारखी लालसर-तपकिरी बारीक पूड चिकटलेली दिसली तर तो पावसाचा गंज असेलच असं नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांवर अगदी सूक्ष्म अंतर, मिलिमीटरचे काही शतांश भाग, सतत घासले की लोखंडाचे कण सुटतात, हवेत त्यांचं ऑक्साइड होतं आणि तेच परत वाळूच्या कागदासारखं घासत राहतं, तीच ही पूड. पूड प्लेटवर आणि फ्रेमवर एकाच जागी, एकाच आकाराची असेल आणि वॉशरचे गोल ठसेही जुळत असतील तर ही जोडी बरीच वर्षं एकत्र राहिलीय असं समजायला हरकत नाही. ठसे जुळत नसतील तर प्लेट जुनी असेल, अगदी कंपनीचीच असेल, पण ती बहुतेक दुसऱ्या गाडीवरून आलीय.

मग प्लेटची कड बघा, ही माझी सगळ्यात आवडती खूण. कारखान्यात प्लेट प्रेसमध्ये डाय लावून एका फटक्यात कापतात. अशा कडेवर एका बाजूचा कोपरा जरासा गोलावलेला असतो, त्याखाली चकचकीत गुळगुळीत पट्टा, त्याखाली खरबरीत तुटल्यासारखा भाग आणि पार शेवटी बोटाला लागणारी बारीक धार. पत्रा आधी दाबला जातो, मग कापला जातो आणि शेवटी उरलेला तुटतो, तो सगळा क्रम त्या काही मिलिमीटर जाडीत दिसतो. लेसरने कापलेल्या नव्या प्लेटच्या कडेवर वरपासून खालपर्यंत बारीक उभ्या रेषा दिसतात, गॅसने कापलेली असेल तर लाटा दिसतात. वरून काळा रंग जाड मारला की हे सगळं झाकलं जातं, त्यामुळे ‘फ्रेश पेंट आहे साहेब’ असं विकणाऱ्याने म्हटलं की जरा कोपऱ्यात खरवडून बघायची परवानगी मागायची.

बोल्टांची गोष्ट वेगळी आहे. १९५५ मध्ये मद्रासला बुलेट जोडायला सुरुवात झाली ती रॉयल एनफील्डच्या इंग्लंडमधल्या रेडिच कारखान्यातून आलेल्या पार्टांवर, त्यामुळे आटेही तिकडचेच आले. सायकलसाठी ठरलेले बारीक आटे, एका इंचात २६, कोन ६० अंश. इंग्लंडमधलेच दुसरे व्हिटवर्थ घराण्यातले आटे ५५ अंशांचे, ते जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेले. इकडे आपल्याकडे १९५६ मध्ये मेट्रिकचा कायदा आला आणि पुढे बाजारात मेट्रिक बोल्टच सहज मिळायला लागले, मग मिस्त्री तरी काय करणार, जे मिळालं ते मारलं.

इथे नुसता व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) फसवतो. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिमी भरतो आणि मेट्रिकचा ८ मिमीचा साधारण ८, झिजलेल्या बोल्टात हा फरक कुठे दिसतोय! पण २६ आट्यांच्या बोल्टात दोन आट्यांमधलं अंतर ०.९८ मिमी आणि नेहमीच्या ८ मिमीच्या बोल्टात १.२५, म्हणून थ्रेड गेज (वेगवेगळ्या मापाच्या आट्यांची दातेरी पाती) लावला की न जुळणाऱ्या पात्याखालून लगेच उजेड दिसतो. गेज नसेल तर नट हाताने फिरवा, एक-दोन फेरे जाऊन अडकला तर पाना लावून पुढे रेटू नका. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेज मिळतो, तो घ्या, आणि जमलं तर इंच-मिमी दोन्हीचा घ्या. बोल्टाचं डोकंही बोलतं. १/४ व्हिटवर्थचा पाना (हे पान्याचं नाव, त्याच्या जबड्याचं माप नव्हे) ज्या डोक्यावर बसतो ते १३.३ मिमीचं असतं, त्यावर १३ चा पाना जात नाही आणि १४ चा लावला तर हलतो. कोपरे गोल झालेले जुने बोल्ट म्हणजे आधी कोणीतरी १४ चा लावून जोर केलाय, पण त्याचाच अर्थ बोल्ट मूळचा असण्याची शक्यता जास्त.

रंगावरून ठरवायला जाऊ नका. जुन्या ब्रिटिश बोल्टांवर बऱ्याचदा कॅडमियमचा मंद रुपेरी मुलामा असायचा, हल्लीच्या झिंकला जरा निळसर चमक असते, पण पन्नास वर्षं मुंबईच्या खाऱ्या हवेत काढल्यावर दोन्ही सारखेच मळकट दिसतात. आणि कॅडमियम विषारी आहे, असल्या बोल्टावर ग्राइंडर, कोरडा पॉलिश पेपर किंवा गॅसची ज्योत काहीच चालवू नका.

ओरिजिनल सापडला म्हणून तो बसवलाच पाहिजे असंही नाही हां. थ्रेड गेज सगळ्या लांबीवर सारखा बसत नसेल, मध्येच आटे पसरल्यासारखे वाटत असतील किंवा दांडा एका जागी बारीक झाला असेल तर बोल्ट ताणून गेलाय, तो डब्यात ठेवा आणि त्याच मापाचा चांगल्या स्टीलचा नवा करून घ्या.

सगळ्यात जास्त हरवतात ते प्लेट आणि इंजिनाच्या मधले छोटे डिस्टन्स पीस, म्हणजे फट भरणारे नळीसारखे तुकडे. ते नसले तरी बोल्ट आवळून फट बंद करता येते, पण मग क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या पेटीचा) ॲल्युमिनियमचा कान, म्हणजे बोल्ट जातो तो बाहेर आलेला भाग, कायम वाकवलेला राहतो, वर हादरे चालूच, आणि एक दिवस तो कान तडकतो. म्हणून आधी सगळे बोल्ट हाताने लावून इंजिन मोकळं बसू द्या, प्रत्येक जागची फट फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजा, फट असेल तिथे तेवढ्याच जाडीचा वॉशर किंवा शिम (पातळ पत्र्याची चकती) टाका आणि पाना त्यानंतरच हातात घ्या.