लघु उत्प्रेरकी रिअ‍ॅक्टरमधील तापमान नियंत्रण

घन उत्प्रेरक भरलेल्या अरुंद नळीतून वायू किंवा द्रव सोडून रसायन तयार करताना उत्प्रेरकाचा थर ठरावीक तापमानात राखण्याचे तंत्र. नळीचा व्यास साधारणतः काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर असतो. अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर घातांकी रीतीने वाढतो. सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया घडण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा, मोलला १०० किलोजूल असेल, तर ३०० अंश सेल्सियसला तापमान अवघे १० अंश चढले तरी वेग सुमारे ४३ टक्क्यांनी वाढतो. भिंतीतून बाहेर जाणारी उष्णता मात्र तापमानातील फरकाच्या प्रमाणातच वाढते. त्यामुळे उष्मादायी, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या, अभिक्रियेत उष्णतेची निर्मिती एकदा निचऱ्याच्या पुढे गेली की तापमान हाताबाहेर जाते आणि उत्प्रेरकाचे सूक्ष्म धातुकण एकमेकांत मिसळून निकामी होतात.

नळीचा व्यास निम्मा केला की आकारमानाच्या मानाने भिंतीचे क्षेत्रफळ दुप्पट होते. लघु रिअ‍ॅक्टरचे खरे बळ हेच. तरीही नळी ज्या भट्टीत ठेवतात तिच्या पडद्यावर दिसणारा आकडा थराचा समजणे ही घोडचूक ठरते. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेन बनताना मोलला सुमारे २०६ किलोजूल उष्णता सुटते. अभिक्रियाकारके थराच्या तोंडाशीच सर्वांत दाट असल्याने तिथेच ‘हॉट स्पॉट’, म्हणजे अतितप्त जागा, उठतो, तर भिंतीवरचा थर्मोकपल (तापमान मोजणारा संवेदक) स्थिर आकडा दाखवत राहतो. म्हणून नळीच्या मध्यातून बंद टोकाची बारीक नळी, म्हणजे थर्मोवेल, घालतात व तिच्यात थर्मोकपल वरखाली सरकवून थराची उभी तापमानरेषा मिळवतात. अर्थात नळी फार अरुंद असेल, तर थर्मोवेलच प्रवाह बिघडवते.

हॉट स्पॉट दबवण्यासाठी उत्प्रेरकात सिलिकॉन कार्बाइडचे निष्क्रिय कण मिसळतात. ते उष्णता चांगली वाहून नेतात. भट्टीला बहुधा तीन स्वतंत्र तापविभाग असतात. दुहेरी नियंत्रणात बाहेरचा पीआयडी नियंत्रक (लक्ष्य व प्रत्यक्ष तापमानातील फरक पाहून दुरुस्ती ठरवणारे उपकरण) थराचे तापमान पाहून आतल्या नियंत्रकाला भट्टीचे लक्ष्य देतो. मिथेन बनण्याच्या वरील अभिक्रियेची उलट दिशा, म्हणजे वाफेने मिथेनचे विघटन, तेवढीच उष्णता शोषते. तिथे थर थंड पडतो आणि काम उष्णता पुरवण्याचे होते.

सुरुवातीला निष्क्रिय वायूत थर तापवून मग अभिक्रियाकारके हळूहळू वाढवतात. निकेल उत्प्रेरक असल्यास बंद करतानाची काळजी जिवाशी निगडित आहे. थर सुमारे २०० अंशांखाली उतरण्याआधी कार्बन मोनॉक्साइड पूर्ण बाहेर काढावा लागतो, नाहीतर अत्यंत विषारी निकेल कार्बोनिल तयार होऊ शकते.