ट्रॉलीवरची होडी : 'एंटरप्राइज' वर्गाची पार्श्वभूमी

धुळ्याजवळ मुंबई-आग्रा महामार्गावरच्या एका ढाब्यापुढे मी ती पहिल्यांदा जवळून पाहिली. जीपमागच्या ट्रॉलीवर उपडी बांधलेली 'एंटरप्राइज' ही शिडाची होडी, बाजूने आडवी डोलकाठी, काठीच्या टोकाला लाल फडकं. ढाब्यावरच्या पोराने तिच्या पोटावरून हात फिरवत विचारलं, "काका, हाई लाकूड शे का प्लास्टिक?"

होतं प्लायवूड. आणि या होडीची कथा प्लायवूडपासूनच सुरू होते.

पूर्वी शिडाची होडी म्हणजे फळीला फळी जोडणाऱ्या कसबी सुताराचं काम. ती परवडायची मोजक्यांनाच. दुसऱ्या महायुद्धात लाकडी विमानांसाठी पाण्याने न सुटणारा सरस वापरात आला आणि युद्ध संपल्यावर त्याच सरसाने जोडलेलं प्लाय होडीवाल्यांच्या हाती लागलं. मात्र प्लायचा तक्ता एकाच दिशेने वळतो, कलिंगडासारखा गोल होत नाही. इंग्लंडचे रचनाकार जॅक होल्ट यांनी ही अडचण मान्य करूनच होड्या आखल्या. सपाट तक्ते कोनात जोडायचे, म्हणजे घरी हत्यारं धरणाऱ्यालाही होडी बांधता येते. 1947 साली मुलांसाठी 'कॅडेट', 1949 मध्ये 'जीपी 14' आणि 1956 मध्ये 'एंटरप्राइज'. हिच्या पोटाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन कोन आहेत. त्या पोराचा हात फिरत होता तो त्यांवरूनच.

एंटरप्राइजमागे 'न्यूज क्रॉनिकल' हे वर्तमानपत्र उभं होतं. जाहिरातीसाठी जानेवारी 1956 मध्ये, कडाक्याच्या थंडीत, दोन होड्या रात्रीच्या अंधारात इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला नेल्या. शिडं निळी. ते वर्तमानपत्र 1960 मध्ये बंद पडलं, निळी शिडं मात्र या वर्गाची ओळख होऊन राहिली.

लांबी 4.04 मीटर, रुंदी 1.6 मीटर, रिकाम्या सांगाड्याचं वजन 90 किलोंच्या आसपास. चौघांनी धरली की ट्रॉलीवर चढते. चालवायला दोघं लागतात: एक सुकाणू आणि मोठं शीड सांभाळतो, दुसरा पुढचं शीड ओढतो आणि होडी कलली की काठाबाहेर अंग झोकून तिला तोलतो.

'वर्ग' म्हणजे सगळ्या होड्या एका मापाच्या. पैसा ओतून वेगवान होडी आणायची सोय नाही. वारा ओळखणारा जिंकतो. मला या खेळात हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं. शर्यतीत वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, नागमोडी चढावं लागतं. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन. अनेक शर्यतींनंतर ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता.

आशियाई स्पर्धांतही हा वर्ग होता. 1978 मध्ये बँकॉकला पाकिस्तानचे बायराम आवारी आणि मुनीर सादिक यांनी सुवर्ण घेतलं. 1982 च्या दिल्ली एशियाडमधल्या शिडांच्या शर्यती मुंबईच्या पाण्यात झाल्या, तेव्हा बायराम यांच्याबरोबर पत्नी गोश्पी होत्या आणि सुवर्ण पुन्हा त्यांचंच. त्याच वेळी 'फायरबॉल' या दुसऱ्या वर्गात आपल्या फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्ण दिलं.

समुद्र लागतोच असं नाही. खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे छात्र शिडं हाकतात, हैदराबादेत हुसेनसागरावर शर्यती होतात, भोपाळच्या मोठ्या तलावावरही. एनसीसीच्या नौदल छात्रांच्या चिल्का इथल्या अखिल भारतीय स्पर्धेत एंटरप्राइज आजही आहे.

म्हणूनच खानदेशात बसून मी हे लिहितोय. वाऱ्याची आपल्याकडे वाण नाही. साक्रीजवळ ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिल्या नाहीत. पाणी हतनूर धरणाला आहे, गिरणेला आहे, वाघूरला आहे. हतनूरला हिवाळ्यात परदेशी बदकं उतरतात, तेव्हा तिथे शिडं नकोतच. पावसाळ्यात 41 दरवाज्यांपैकी किती कधी उघडतील याचा नेम नसतो, तेव्हाही नकोत. उरतो उन्हाळा, दुपार टळल्यावरचा पश्चिमेचा वारा.

अडचण आहे ती उताराची. ट्रॉली चाकं बुडेपर्यंत पाण्यात न्यावी लागते, तेव्हा होडी तरंगून सुटते, आणि धरणाच्या भिंतीला तर दगडी पिचिंग, म्हणजे रचून बसवलेले दगड. पण हतनूरच्या फुगवट्यावर मच्छीमारांच्या डोंग्या जिथे लागतात, तिथला मातीचा उतार मी पायाने मोजून पाहिला आहे. मागे मागे घेत नेली, तर जीप पाण्यापर्यंत जाते.